विहीणबाई, पाणी माळावर चढलं

प्रमिलाबाई, तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना.

घाटावर ऊन चढत होतं. कावळे पिंडाभोवती येत, मान वाकडी करून बघत आणि उडून समोरच्या बाभळीवर जाऊन बसत. अश्विनीने हात जोडून सांगितलं, "आई, मी बीपीची गोळी वेळेवर घेईन." कावळे ढिम्म. मग माझा मुलगा म्हणाला, "अश्विनीची काळजी करू नका, मी आहे." त्यावर एका कावळ्याने सरळ पाठ फिरवली. जावयाच्या शब्दावर तुम्ही जिवंतपणीही फारसा भरवसा ठेवला नव्हतात. गुरुजींना दुसऱ्या घाटावर जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले. कोणीतरी दर्भाचा कावळा करून भागवू या म्हणालं. तेव्हा मी पदर सावरत पुढे गेले, पिंडापाशी वाकले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "बरं बाई, बसवू मीटर."

एवढं बोलून मी सरळ उभी राहतेय तोवर कावळा आला. एखादं शीत टिपून गेला नाही, अख्खा घास घेऊन गेला.

सगळे मला विचारत होते, "काकू, काय बोललात?" मी म्हटलं, विहिणी-विहिणींमधलं आहे. आता तुम्हाला म्हणून सांगते, मी "बसवू" म्हटलंय, "कधी" ते म्हटलेलं नाही. कावळ्याला तेवढं पुरलं. तुम्हाला पुरलं नसतं. तुम्ही महिना विचारला असतात आणि मला दोन साक्षीदारांच्या देखत वहीवर सही करायला लावली असतीत.

आपलं नातं लोकांना सांगायचं म्हणजे पंचाईत. माझ्या मुलाची बायको ती तुमची अश्विनी, म्हणून आपण विहिणी. इतर विहिणी मानपानावरून भांडतात, साडीच्या काठावरून भांडतात, पंगतीत कोणाला आधी वाढलं यावरून भांडतात. आपण भांडलो ते जमिनीखालच्या पाइपांवरून. लग्नातली साडी तुम्ही दिलेली कोणत्या रंगाची होती ते मला आठवत नाही, पण मारुतीच्या चौकातला वॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो ते मी झोपेत सांगेन. हे तुमचंच देणं.

तुम्ही श्रीरामपूरच्या, पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. नोकरीभर गावोगावच्या पाणी योजना फिरलेल्या. कमी बोलणाऱ्या. आणि मी या कोरड्या तालुक्याच्या गावातली शिवणक्लासवाली बाई. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि मी नगरसेविका झाले. नंतर पाणीपुरवठा समितीची सभापतीही झाले, कारण ती समिती दुसऱ्या कोणाला नको होती.

तेव्हाची मी म्हणजे काय नमुना होता. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर गॉगल आणि हातात कायम मोबाईल, तो बंद असला तरी कानाला. एकदा माळावर भाषण करताना मला स्फुरण चढलं. मी स्टेजवरच पायातल्या चपला काढल्या आणि सांगून टाकलं, "माळाच्या शेवटच्या घराला पाणी आल्याशिवाय सुमन पायात चप्पल घालणार नाही." टाळ्या पडल्या. थंडीचे दिवस होते, फरशी गार लागत होती, छान वाटलं. पुढे उन्हाळाही येतो हे त्या बाईच्या डोक्यातच आलं नाही. फाल्गुनात तळवे पोळायला लागले तेव्हा तिने मोजे घालायला सुरुवात केली. कोणी विचारलं तर म्हणायची, नवस चपलेचा आहे, मोज्याचा नाही.

माळ म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची वस्ती. तिथे पाइप होता, घरोघर नळ होते, फक्त पाणी नव्हतं. टाकीतून पाणी सोडलं की खालच्या पेठेत धो धो, मारुतीच्या चौकात करंगळीएवढं, शाळेपाशी नुसती ओल आणि माळावर नळातून हवा. माळाच्या अगदी टोकाला गजराबाईचं घर. ती म्हणायची, "आमच्या नळाला दमा हाय. येळ झाली की धापा टाकतो." त्यांना टँकर. टँकर आला की हंड्यांची रांग, आणि रांगेत जे व्हायचं ते.

यावर माझ्याकडे एकच औषध होतं, नवी टाकी. उंच, पांढरी, वर माझं नाव. तुम्ही म्हणायचात, "टाकीत पाणी कमी नाही, सुमनताई. ते वाटेत जातंय. कुठे जातंय ते आधी बघा. नाहीतर नव्या टाकीतलंही तिथेच जाईल." मला हे पटत नव्हतं असं नाही, मी ते ऐकतच नव्हते. बुजवलेल्या खड्ड्यावर कोणी उद्घाटनाची फीत कापत नाही, हे माझं त्या वेळचं राजकारण.

आणि त्यात उंबराचं प्रकरण.

अश्विनीच्या डोहाळजेवणाला तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला अभिमानाने आमची देवी दाखवायला नेलं. पेठेच्या कडेला रस्त्यालगत उंबराचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी बारा महिने पाझरणारं पाणी. मी सून म्हणून नवी असताना एका दुष्काळात सगळ्या बोअर आटल्या, पण उंबराखालची माती ओलीच राहिली. मी तिथे हळदकुंकू वाहिलं आणि सांगितलं, स्वप्नात देवी आली होती. स्वप्नात हिरव्या साडीतली एक बाई आली होती हे खरं. ती देवी असावी हे मी सकाळी चहा पिताना ठरवलं. आता विचार केला तर ती रेशन दुकानदाराची बायको असावी, तिच्याकडे तशी साडी होती.

तुम्ही चप्पल काढून नमस्कार केलात. मग पाण्यात बोट बुडवून नाकाशी नेलंत.

"सुमनताई, वास येतोय."

"देवीचं ठिकाण आहे, धूप असतोच."

"धूप नाही. ब्लीचिंग पावडर."

मी तुमच्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर तिथून निघून गेली असती. तुम्ही पर्समधून औषधाची बाटली काढलीत. जावयाच्या घरी डोहाळजेवणाला येताना पर्समध्ये पाणी तपासायची बाटली आणणारी विहीण मी पहिल्यांदाच पाहत होते. तुम्ही मला शांतपणे समजावलंत, पाणी झऱ्याचं असेल तर रंग बदलणार नाही, नळाचं पावडर टाकलेलं असेल तर पिवळं होईल. तांब्यात पाणी घेतलंत, त्यात थेंब सोडलेत. पाणी पिवळं झालं.

तुम्हाला वाटलं, झालं, सिद्ध झालं. तुम्ही तांब्या मला दाखवायला वर धरलात. पण आपल्या मागे पूजेला आलेल्या बायका उभ्या होत्या. त्यातली एक ओरडली, "अगं बाई, देवीनं हळद घेतली." सगळ्यांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव तांबे घेऊन उंबराखाली. भजनी मंडळ आलं. तुम्ही कोणीतरी पुण्यवान बाई आहात म्हणून तुमच्या पाया पडून गेल्या. त्या रात्री जेवताना तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "आमटी वाढा." आणि तेव्हाच्या सभापतीबाईंनी काय केलं? नगरपंचायतीच्या पैशांतून उंबरापाशी पत्र्याचं शेड बांधलं. गळतीला ऊन लागू नये म्हणून निवारा करणारी सभापती माझ्याशिवाय दुसरी झाली नसेल.

मग तुम्ही निवृत्त झालात आणि आमच्याच गावात राहायला आलात. लेकीच्या घरात राहणार नाही म्हणून दोन गल्ल्या सोडून खोल्या घेतल्यात. नातवाला खेळवायला म्हणून रोज सकाळी यायचात आणि नातू माझ्या मांडीवर देऊन स्वतः नगरपंचायतीत जायचात. पाणी सोडणारा बबन तुमच्यापुढे टेकीला आला होता. मला येऊन म्हणाला, "काकू, तुमच्या विहीणबाई मला विचारतात, कोणत्या गल्लीखाली कोणता पाइप आहे. मी म्हटलं, जमिनीखालचं मला काय दिसतंय? तर म्हणाल्या, मग दोघं मिळून बघू." तुम्ही दोघांनी मिळून उन्हातान्हात गावाचा नकाशा काढला. वॉल्व्ह शोधले. काही डांबराखाली गाडले गेलेले, एक तर कोणाच्या तरी ओट्याखाली, त्यावर तुळशीवृंदावन. पगार नाही, मानधन नाही. मला वाटायचं, ही बाई मला कमीपणा आणायला हे करतेय. एवढी मी शहाणी.

त्या वर्षी कालव्याचं आवर्तन लांबलं. कालव्याला पाणी सुटतं तेव्हा गावचा साठवण तलाव भरून घ्यायचा आणि पुढच्या आवर्तनापर्यंत पुरवायचा, ही आमची तऱ्हा. तलावाचा तळ दिसायला लागला. पेठेला चार दिवसांनी पाणी, माळाला टँकरही दिवसाआड. अशात एका दुपारी गजराबाई हंडा घेऊन माझ्या दारात आली. तुम्ही आत नातवाला भात भरवत होतात. तिने माझ्या पायातल्या मोज्यांकडे बघितलं.

"सभापतीबाई, तुमी अनवाणी हिंडताय म्हून माझा हंडा भरतो का? चप्पल घाला न्हाईतर बूट घाला. आमाला त्याचं काय करायचंय? आमाला पाणी पायजे."

"टाकीचा प्रस्ताव वर गेलाय, गजराबाई."

"वर म्हंजी कुठं? वर तर आमीच ऱ्हातो. आमच्याकडं काय आलं न्हाई."

ती गेली. तुम्ही नातवाचं तोंड पुसत म्हणालात, "मला एक पाळी द्या. एका पाळीचं पाणी. त्यातून काही निघालं नाही तर टाकीच्या भूमिपूजनाला नारळ मी आणेन." मी हो म्हटलं. पटलं म्हणून नाही, दुसरं काही सुचेना म्हणून.

तुम्हाला हवं तरी काय होतं? तर टाकीतून पाणी सोडायचं आणि गावातल्या प्रत्येक घराने अर्धा तास नळ बंद ठेवायचा. कोणीच पाणी घेत नसताना टाकी उतरली तर ते पाणी गळतीत जातंय. ऐकायला किती सोपं. पण विहीणबाई, तुमच्या खात्याच्या पुस्तकात आमच्या गावातले नळ नव्हते. आमच्या नळांना तोट्याच नव्हत्या. चार दिवसांनी येणारं पाणी, ते आलेलं कळावं म्हणून पाइपाचं तोंड उघडंच ठेवायचं, ही पद्धत. पाणी बादलीत पडल्याचा आवाज आला की घर जागं. तोटी ही आमच्याकडे पैशाची उधळपट्टी समजली जायची. तुम्ही पहिल्यांदा हे बघितलंत तेव्हा कपाळाला हात लावलात. मग मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

माझ्या शिवणक्लासच्या पोरींनी चिंध्यांचे घट्ट बोळे शिवले. सुताराकडून खुंट्या करून घेतल्या. खुंटीला बोळा गुंडाळायचा आणि पाइपाच्या तोंडात ठोकायचा. गावभर वाटले. वाटताना प्रत्येक दारात तेच बोलणं. पेठेतली एक म्हणाली, "काकू, चार दिवसांनी पाणी येणार आणि तुम्ही म्हणता बूच मारा?"

"अर्धा तास फक्त."

"अर्ध्या तासात माझे दोन पिंप भरतात."

"नंतर तासभर जास्त सोडायला लावते."

"आणि शेजारणीनं बूच नाही मारलं तर?"

"मी तुझ्या दारात उभी राहते, तू शेजारणीच्या दारात राहा."

त्या दिवशी सकाळी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बचत गटाच्या बायका उभ्या होत्या. तुम्ही पदर खोचून टाकीच्या शिडीवर चढलात. निवृत्त बाई, गुडघे दुखणारी, लेकीची सासू खाली उभी राहून ओरडतेय, "अहो प्रमिलाबाई, पडाल." तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत. टाकीच्या आत पट्टीवर पाण्याच्या पातळीला गेरूची खूण केलीत. बबनने पाणी सोडलं. गाव गप्प. इतकं पाणी सुटलेलं असताना बादलीचा आवाज नाही, भांडण नाही. मी चौकात येऊन मोबाईल स्पीकरवर ठेवला होता आणि भोवती माणसं जमली होती. थोड्या वेळाने तुमचा आवाज आला, "उतरतंय." मग पुन्हा, "अजून उतरतंय."

कोणी एक थेंब घेत नव्हतं आणि टाकी रिकामी होत चालली होती. पेठेतल्या त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. "मग हे पितंय कोण?" असं ती हळूच म्हणाली.

बबन एकेक वॉल्व्ह बंद करत गेला. शाळेकडचा बंद केला, पाणी उतरतच होतं. बाजारतळाकडचा केला, उतरतच होतं. मग पेठेच्या कडेचा केला आणि फोनमधून तुम्ही म्हणालात, "थांबलं." एवढंच. पेठेच्या कडेला काय आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

उंबरापाशी आपण पोचलो तोवर तिथे बायका येऊन बसल्या होत्या. "देवीला कुदळ लावू देणार नाही." "झरा आटला तर?" बबनने कुदळ आणली होती, पण ती खांद्यावरून खाली घ्यायची त्याची हिंमत होत नव्हती. माळावरूनही लोक उतरून आले होते, गजराबाई पुढे. मला वाटलं, आता तुम्ही तुमची बाटली काढाल, पुन्हा पाणी पिवळं करून दाखवाल, भाषण द्याल. तुम्हाला हक्क होता. पण तुम्ही मागे सरलात आणि म्हणालात, "देवी तुमची आहे, सुमनताई. तुम्ही सांगाल तसं."

त्या क्षणी मला तुमचा राग आला. भांडायला आलेल्या माणसाने असं शस्त्र खाली ठेवलं की काय करायचं?

मी देवीची ओटी भरली. कुंकू लावलं. मग उठून बायकांना म्हणाले, "देवी इथं राहायला आलेलीच नाही. ती माळावर निघालीय. वाटेत अडकलीय, आणि आपण तिची वाट मोकळी करायची सोडून तिला हळदकुंकू लावत बसलोय."

मग गजराबाई पुढे झाली. "मंग येऊ द्या की वर. आमी कवाधरनं वाट बघतोय." आणि तिने बबनच्या खांद्यावरची कुदळ स्वतःच खाली घेतली.

खणलं तेव्हा दिसलं, पाइपाच्या जोडात उंबराची मुळं शिरली होती आणि जोड पार उकलला होता. पाण्याचा लोट होता. आम्ही समजायचो, उंबर आहे म्हणून इथे पाणी आहे. होतं उलटंच, पाणी होतं म्हणून उंबर माजला होता. बाकीचे झाड तोडायला निघाले तर तुम्हीच आडव्या आलात. "झाडाने काय केलंय?" म्हणालात, आणि पाइप बाजूने वळवून घेतलात. त्या दिवसापासून बायका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त मानायला लागल्या, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

आता सगळं झालं असं मला वाटलं. पुढच्या पाळीला मी हार घेऊन माळावर गेले. पाणी आलं नाही. फोन आला पेठेतून, तिथे रस्त्यात तीन ठिकाणी कारंजी उडत होती. गाव म्हणालं, देवी कोपली. विरोधी पक्षवाले म्हणाले, विहिणी-विहिणींनी मिळून गावाचं वाटोळं केलं. मी रडकुंडीला येऊन तुमच्या खोलीवर आले तर तुम्ही चहा ठेवला होता आणि चक्क गुणगुणत होतात.

"अहो, तीन ठिकाणी फुटलंय."

"फुटणारच. आधी पाण्याला जोर नव्हता म्हणून कच्चे जोड टिकून होते. आता जोर आला. सुमनताई, पाणी निघालंय, साखर किती घालू?"

ते तीन जोडले, पुढच्या पाळीला आणखी दोन फुटले. ते जोडले. घरोघर तोट्या बसवायला लावल्या. मोटार लावून नळाचं पाणी ओढणाऱ्यांच्या दारात मी स्वतः जाऊन बसले, अनवाणी, मोज्यांसकट. त्या मोज्यांचा एवढाच उपयोग झाला. आणि पाणी चढायला लागलं. एका पाळीला चौकात पूर्ण धार. मग शाळेच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज, मुलं वर्ग सोडून बघायला आलेली. मग माळाचं पहिलं घर. मग देवळाच्या पुढचं. दर पाळीला आपण दोघी माळाच्या चढावर उभ्या राहून बघायचो, आज कुठवर आलं. कालव्याचं आवर्तन अजून सुटलेलं नव्हतं. नवं पाणी कुठूनही आलं नव्हतं. तेच पाणी, तीच टाकी.

गजराबाईच्या नळाला ज्या सकाळी पाणी आलं ती सकाळ मी आता सविस्तर लिहिणार आहे, कारण तुम्ही तिचं वर्णन लोकांना करताना फक्त "दाब पुरेसा मिळाला" म्हणायचात.

आपण तिच्या दारात उभ्या होतो. आधी हवा, नेहमीसारखी. लांबलचक धाप. गजराबाई म्हणाली, "झालं, दमेकरी उठला." मग नळ खोकला. लाल मातीचं पाणी थुंकला. थांबला. आणि मग धार आली, आधी वाकडी, मग सरळ, मग बादलीच्या तळावर आपटून वर उडणारी. गजराबाईने ओंजळ धरली, डोळ्यांना पाणी लावलं. मग कळशी भरली आणि माझ्या पायांवर ओतली. माझे मोजे चिंब. ते तिने स्वतःच्या हाताने ओढून काढले आणि दारातली तिची रबरी चप्पल माझ्यापुढे सरकवली.

"घाला आता. लई मिरवलंत."

तुम्ही तेव्हा घड्याळ लावून बादली किती वेळात भरते ते बघत होतात. बादली भरली, वाहायला लागली, तरी तुम्ही घड्याळाकडेच बघत होतात. चष्मा तुम्ही नंतर पुसलात, पण मी आधीच बघितलं होतं. मला तेव्हा म्हणायचं होतं, प्रमिलाबाई, तुम्ही माझी लाज राखलीत. म्हटलं काय? "चला, उशीर झाला, नातू उठला असेल."

टाकी मी बांधली नाही. माझं नाव कुठल्याच पांढऱ्या भिंतीवर नाही. आता रोज पाणी येतं, सकाळी दोन तास, माळासकट. आजूबाजूच्या गावांचे लोक बघायला यायला लागले, श्रीगोंद्याकडून, कर्जतकडून. तुम्ही त्यांच्या नगरपंचायतीतही जायचात, बबनला सोबत घेऊन, आणि ते लोक आले की त्यांना उंबरापाशी नेऊन माझी पिवळ्या पाण्याची गोष्ट सांगायचात. दर वेळी. मी शेजारी उभी असताना. "या आमच्या विहीणबाई, यांनी गळतीला शेड बांधलं." मग जरा थांबून, "आणि यांनीच ती उघडायला लावली." हे दुसरं वाक्य तुम्ही मुद्दाम हळू म्हणायचात, पण म्हणायचात.

मीटरवरून मात्र आपण शेवटपर्यंत भांडलो. तुमचं म्हणणं, घरोघर मीटर नसेल तर उद्या पुन्हा पाणी कुठे जातंय ते कळणार नाही. माझं म्हणणं, लोक नळाला तोटी लावायला कसेबसे तयार झाले, मीटर म्हटलं की मला दगड मारतील. आता कावळ्यासमोर शब्द गेलाय. मी आता नगरसेविका नाही, पण सभेत जाऊन बसले तर अजून कोणी मला उठवत नाही. पहिला मीटर माझ्याच नळाला लावून घेते. दगड कोण मारतो ते बघू.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही सिस्टरला बोलावून म्हणालात, "सलाईन जोडापाशी गळतंय." खरंच गळत होतं. सिस्टर म्हणाली, आजी, लक्ष बरं असतं तुमचं. मग ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. "सुमनताई, उंबरापाशी तुम्ही बायकांना खोटं का सांगितलंत? गळती आहे म्हणून सरळ सांगायला हवं होतं. त्यांना समजलं असतं." मी म्हटलं, बऱ्या व्हा, मग भांडू. तुम्ही बऱ्या झाला नाहीत.

तर आता ऐका. तुम्ही कदाचित बरोबर असाल. नंतर त्याच बायका तुमच्याकडून वॉल्व्ह फिरवायला शिकल्या, म्हणजे समजलं असतं त्यांना. पण मी खोटं बोलले नाही, प्रमिलाबाई. मी पुन्हा पुन्हा विचार केला. ती वाटेत अडकली होती, आपण तिची वाट अडवून बसलो होतो आणि तिला माळावर जायचं होतं. यातला कोणता शब्द खोटा आहे ते मला दाखवा. तुम्ही दाखवू शकत नाही म्हणून मी जिंकले असं म्हणणार नाही. समोरचा नसताना जिंकायची मला सवय नाही.

तुम्ही गेलात तेव्हा गजराबाई लेकीकडे गेली होती. परवा आल्याचं कळलं म्हणून सकाळी मीच चढ चढून सांगायला गेले. तिने चहा ठेवला, आपण दोघी त्या सकाळी उभ्या होतो तिथेच दाराशी बसलो. मी सांगितलं.

तेवढ्यात पाणी आलं. पाइपातून तो आवाज आला. तुम्हाला माहीत आहे, हा आवाज आला की आमच्या बायका काय करतात. तव्यावरची भाकरी तशीच, मांडीवरचं लेकरू खाली, पाहुणा दारात. मयताच्या घरातली बाईसुद्धा रडणं अर्धं सोडून हंडा घेऊन उठायची, आणि तिला कोणी नावं ठेवायचं नाही. आयुष्यभराची सवय, मी बसल्या जागी निम्मी उठले.

गजराबाईने माझा हात धरून खाली बसवलं.

"बसा. पाणी हाय ते. येतंय अन् येत ऱ्हाईल. त्या बाईचं सांगा मला."

मग मी सांगत बसले, तुमच्या शेवटच्या दिवसांचं, सगळं. चहा उतू गेला. शेजारच्या घरात कोणीतरी बादली भरत होतं. गजराबाईच्या नळाची तोटी बंद होती, पाणी आत येऊन उभं राहिलं होतं, आणि ती तुमच्यासाठी पोटभर रडली.